थायमोमा: छातीतली गाठ कळल्यावर सोलापुरातून पुढची वाट

छातीचा फोटो किंवा सीटी स्कॅन बहुतेकदा भलत्याच कारणानं काढलेला असतो. खोकला जात नाही म्हणून, हर्नियाच्या ऑपरेशनआधीची तपासणी म्हणून, नाहीतर कंपनीच्या मेडिकलसाठी. आणि रिपोर्टात एक ओळ येते: 'अँटेरियर मेडियास्टिनल मास'. म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे आणि हृदयाच्या पुढे, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून गाठ दिसते आहे. मोठ्या माणसांत या जागी सापडणाऱ्या गाठींत थायमस ग्रंथीची गाठ, म्हणजे थायमोमा, नेहमी विचारात घ्यावी लागते.

आजार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण सापडतात. त्यामुळे तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या चांगल्या फिजिशियननंही हा आजार जेमतेम दोन-चार वेळा पाहिलेला असतो. यात त्यांचा दोष काही नाही, पण तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर हे तुम्हालाही माहीत हवं. थायमोमा साधारणपणे सावकाश वाढतो. पंधरा दिवस नीट तपासण्यांत गेले तर नुकसान होत नाही. घाईत चुकीची सुई टोचली, चुकीचं औषध सुरू झालं किंवा गाठ अर्धवट काढली, तर मात्र होतं.

थायमस म्हणजे काय, आणि गाठ आणखी कसली असू शकते

थायमस लहानपणी मोठी असते. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराचे शिपाई, तिथे तयार होऊन 'आपलं कोण, परकं कोण' हे शिकतात. वयात आल्यावर ती आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरते. गळ्यातली थायरॉइड ही वेगळी ग्रंथी. फाईलवर 'थायरॉइड ट्यूमर' असं लिहिलं जाऊन रुग्ण भलत्याच ओपीडीच्या रांगेत बसल्याचे प्रकार होतात, म्हणून केसपेपरवर काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

त्याच जागी लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर), जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींपासून होणारी गाठ), छातीत उतरलेला थायरॉइडचा गलगंड, थायमसची साधी पाण्याची गाठ, किंवा कुठल्या आजारानंतर पुन्हा फुगलेली निरोगी थायमस, यातलं काहीही असू शकतं. वयावरून अंदाज बांधता येतो. थायमोमा बहुधा चाळिशी ते साठीत दिसतो. विशी-तिशीतल्या तरुणाला याच जागी झपाट्यानं वाढणारी गाठ असेल तर लिम्फोमा आणि जर्म सेल ट्यूमर आधी तपासतात, कारण त्यांचा मुख्य उपचार ऑपरेशन नसून किमोथेरपी आहे.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते ती टीबीची. छातीच्या मधोमध गाठी दिसल्या की टीबीचा विचार येणं बरोबरच आहे. पण थुंकी, सुईचा नमुना किंवा जीन एक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) यातला कुठलाच पुरावा नसताना 'बघू या' म्हणून सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू करणं हा या आजारात वेळ जाण्याचा नेहमीचा रस्ता आहे. पुरावा काय, एवढा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारा. तसंच निदानाआधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. त्यानं लिम्फोमा तात्पुरता वितळतो, थायमोमातल्या लिम्फोसाइट पेशीही कमी होतात, आणि मग बायोप्सीत काहीच धड कळत नाही.

पापणी, जबडा, श्वास: हे आधी बघा

थायमोमाच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाला, काही नोंदींत जवळजवळ निम्म्यांना, मायस्थेनिया ग्रेव्हिस असतो. थायमसमधलं शिक्षण बिघडतं, आणि नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप जिथे पोचतो त्या जागेवरच शरीर हल्ला करतं. परिणामी स्नायू वापरला की थकतो आणि विश्रांती दिली की परत चालतो. उलट बाजूनं पाहिलं तर मायस्थेनियाच्या दर शंभर रुग्णांत दहा-पंधरा जणांना थायमोमा निघतो. म्हणून मायस्थेनियाचं निदान झालेल्या प्रत्येकाचा छातीचा सीटी व्हायला हवा.

घरच्यांना हे ओळखता येतं. सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळी एक पापणी खाली आलेली. एकाच्या दोन वस्तू दिसतात, पण एक डोळा झाकला की दुसरी जाते. केस विंचरताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना हात खाली येतात. आणि सगळ्यात बोलकी खूण ताटावर दिसते: कडक भाकरीचे पहिले चार घास नीट चावले जातात, मग जबडा दमतो, माणूस हनुवटीला हाताचा आधार देतो, शेवटी भाकरी आमटीत कुस्करून गिळतो. 'दात दुखतायत' म्हणून तो दाताच्या डॉक्टरकडे जातो. काही जण पाणी पिताना नाकातून येतं म्हणून कान-नाक-घशाच्या ओपीडीत पोचतात. सोलापूरचा एप्रिल-मे यात आणखी त्रास देतो, कारण उष्णतेनं मायस्थेनियाची लक्षणं वाढतात. उन्हात गळून जाणं आणि हे गळून जाणं यातला फरक असा की इथे ठरावीक स्नायू थकतात, बाकी अंग ठीक असतं.

दोन गोष्टी घरी करता येतात. एक, संध्याकाळी पापणी खाली आलेली असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. वर बघायला सांगून मिनिटभर तसंच ठेवा, पापणी हळूहळू उतरताना दिसते. सकाळच्या ओपीडीत डॉक्टरांना काहीच दिसत नाही, तेव्हा हा व्हिडिओ उपयोगी पडतो. दुसरी, रुमालात गुंडाळलेला बर्फ बंद पापणीवर दोन मिनिटं धरा. पापणी स्पष्टपणे उघडली तर मायस्थेनियाची शंका बळावते. नाही उघडली म्हणून आजार नाही, असं मात्र धरू नका.

श्वासाचं वेगळं. पूर्ण श्वास घेऊन एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. निरोगी माणूस पन्नासाच्या आसपास जातो. वीसच्या आत दम संपत असेल, आडवं झोपल्यावर श्वास लागत असेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा मान सावरत नसेल, तर उद्याची ओपीडी नको, १०८ला फोन करून आयसीयू असलेल्या रुग्णालयात जा. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९७ दिसतोय म्हणून थांबू नका. श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा तो आकडा अगदी शेवटी पडतो. चेहरा आणि मान सुजून गळ्याच्या शिरा फुगल्या तर तेही तातडीचं आहे, गाठ मोठ्या शिरेवर दाबत असते.

तपासण्या कोणत्या क्रमानं

पहिली तपासणी म्हणजे छातीचा काँट्रास्ट सीटी, शिरेतून रक्तवाहिन्या उठून दिसणारं औषध देऊन काढलेला. साधा सीटी आधीच झाला असेल तरी काँट्रास्टसह पुन्हा लागतो, कारण गाठ शिरेला नुसती टेकली आहे की आत शिरली आहे हे त्याशिवाय कळत नाही. आदल्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सेंटरला आधी सांगा. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागा, आणि ती घरी लॅपटॉपवर उघडते का ते त्याच दिवशी बघा. मुंबईला गेल्यावर कोरी सीडी निघाली की सगळा सीटी पुन्हा करावा लागतो. गाठ घन आहे की पाण्याची, हा प्रश्न उरला तर एमआरआय मदत करतो. पेट स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. फुगलेली निरोगी थायमसही त्यात चमकते, म्हणून निव्वळ पेटवरून घाबरायचं किंवा निवांत व्हायचं कारण नाही.

मग रक्त. असिटाइलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी ही मायस्थेनिया पकडणारी तपासणी त्याचं एकही लक्षण नसलं तरी ऑपरेशनआधी व्हायलाच हवी. थायमोमासोबत मायस्थेनिया असेल तर ती जवळजवळ नेहमीच पॉझिटिव्ह येते. छुपा मायस्थेनिया कळला नाही, भूल देताना स्नायू सैल करणारं औषध नेहमीच्या प्रमाणात दिलं, आणि रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरेना, हा प्रसंग पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. सोलापुरातल्या लॅबमध्ये नमुना घेतला जातो आणि मोठ्या शहरात पाठवला जातो. रिपोर्टाला काही दिवस लागतात, म्हणून ही तपासणी सीटीच्या दिवशीच देऊन टाका.

सोबत सीबीसी आणि रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) काउंट. हिमोग्लोबिन एकटंच खूप खाली, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक, रेटिक्युलोसाइट जवळजवळ शून्य, असं चित्र असेल तर 'प्युअर रेड सेल अप्लेझिया' हा थायमोमाचाच जोडीदार आजार असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनी तो हलत नाही. वारंवार न्यूमोनिया, तोंडात पांढरे चट्टे, जुनाट जुलाब असतील तर इम्युनोग्लोब्युलिन तपासा. प्रतिकारशक्तीची प्रथिनंच कमी असतात, याला गुड सिंड्रोम म्हणतात. रॉबर्ट गुड या डॉक्टरांनी १९५४ मध्ये त्याचं वर्णन केलं. तरुण पुरुषांत अल्फा-फीटोप्रोटीन आणि बीटा-एचसीजी जरूर करावं, जर्म सेल ट्यूमर त्यातून पकडला जातो. ऑपरेशन ठरलं की फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी आणि टूडी इको होतात.

सुई टोचायची की नाही

बहुतेक घरांत अडकायला होतं ते इथे. 'बायोप्सीशिवाय ऑपरेशन कसं?' हा प्रश्न रास्त आहे, कारण इतर बहुतेक कॅन्सरमध्ये आधी बायोप्सीच होते. पण सीटीत गाठ थायमोमासारखी दिसते आहे, आवरणात बंद आहे आणि पूर्ण काढता येईल असं सर्जनला वाटतंय, तर बायोप्सी न करता थेट काढणं हीच मान्य पद्धत आहे. आवरण फोडलं तर पेशी सांडण्याचा धोका असतो, आणि थायमोमा परत येतो तेव्हा बहुधा फुप्फुसाच्या आवरणावर ठिपक्यांसारखा येतो.

बायोप्सी लागते ती दोन वेळा: लिम्फोमा किंवा दुसऱ्या गाठीचा खरा संशय असेल तेव्हा, आणि गाठ इतकी पसरलेली असेल की आधी किमोथेरपी द्यावी लागेल तेव्हा. अशा वेळी जाड सुईची कोअर बायोप्सी मागा. बारीक सुईच्या नमुन्यात फक्त पेशी येतात, रचना कळत नाही. थायमोमात कोवळ्या टी-पेशींची गर्दी असू शकते, आणि छोट्या नमुन्यावरून तिला लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा ठरवलं गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. सुईची वाट छातीच्या हाडालगत असावी, फुप्फुसाच्या आवरणातून आरपार जाणारी नको. हे सगळं रुग्णानं ठरवायचं नसतं, पण 'वाट कोणती घेणार?' असं विचारलं की समोरच्यालाही कळतं की तुम्ही तयारीनं आला आहात.

कुणाकडे, कुठे

सोलापुरात निदानाचा मोठा भाग होऊ शकतो. सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, अश्विनी सहकारी रुग्णालय आणि शहरातली इतर मोठी रुग्णालयं यांत फिजिशियन, सीटी आणि आयसीयू यांची सोय आहे. मायस्थेनियाची लक्षणं असतील तर पहिली भेट न्यूरोलॉजिस्टची. तो आजार आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही.

कॅन्सरच्या उपचारांसाठी जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली, तेव्हापासून हे गाव या कामात आहे. ऑपरेशननंतरचं रेडिएशन किंवा किमोथेरपी तिथे होत असेल तर रोज पुणे-मुंबईची ओढाताण वाचते.

ऑपरेशन मात्र, आमच्या मते, थायमसची ऑपरेशनं नियमित करणाऱ्या ठिकाणीच व्हावं, मग त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी चालेल. या आजारात पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून असतं: पहिल्या ऑपरेशनात गाठ पूर्ण निघाली की नाही. सर्जनला विचारा: वर्षाला थायमसची किती ऑपरेशनं होतात? मायस्थेनियाचा रुग्ण असेल तर न्यूरोलॉजिस्ट त्याच रुग्णालयात आहे का? गाठ शिरेत शिरलेली निघाली तर ती शीर दुरुस्त करणारा सर्जन तिथे आहे का? केस ट्यूमर बोर्डपुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवणार का?

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आपल्याकडचे लोक पहिलं नाव घेतात तेच. नोंदणी ऑनलाइन करता येते. जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गवाऱ्या असतात. आर्थिक ओढाताण असेल तर जनरल घ्या. तुमची केस 'थोरॅसिक' गटाकडे जायला हवी. जायच्या आधी नुसतं मत हवं असेल तर राष्ट्रीय कर्करोग ग्रिडशी (देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी) जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर कागद पाठवता येतात. बायोप्सी झाली असेल तर फक्त रिपोर्ट नेऊन भागत नाही, मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड दोन्ही सोबत हवेत. सोलापूरच्या लॅबकडून ते लेखी अर्ज करून घ्या आणि पावती जपा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे रुग्ण असतील तर मराठी-हिंदीत लक्षणं नीट सांगणारा एक जण सोबत हवाच. 'अशक्तपणा' एवढ्या एका शब्दात पापणी, जबडा आणि श्वास सगळं हरवून जातं.

रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस दादरला थांबते आणि तिथून परळ जवळ पडतं. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. पहिल्या खेपेला हे प्रमाणपत्र हातात नसतं, म्हणून ते तिथे पोचल्या दिवशीच मागून घ्या. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करा.

पैसे आणि कागद

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची आता सांगड घातलेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार लागतात. दोन्हींवर नाव आणि वय जुळतंय का ते घरीच तपासा, सगळ्यात जास्त फेऱ्या याच्यापायी होतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून दोन गोष्टी विचारा: रुग्णालय योजनेत आहे का, आणि *हे ऑपरेशन* योजनेत बसतं का. रुग्णालय योजनेत असूनही छातीच्या ऑपरेशनचा विभाग नसेल तर उपयोग नाही. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यायची असते. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवू, असं होत नाही. हेल्पलाइन १५५३८८.

योजनेत न बसणाऱ्यांनी धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांची चौकशी करावी. निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा असतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज उपचाराचं अंदाजपत्रक जोडून करतात. यंत्रमाग किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांनी ईएसआयचं कार्ड, आणि विडी कामगारांनी आपलं ओळखपत्र बाहेर काढावं. दोन्हींवर कॅन्सरच्या उपचाराची तरतूद आहे, पण रेफर केल्याचं पत्र उपचाराआधी हवं.

ऑपरेशन

फक्त गाठ काढत नाहीत. संपूर्ण थायमस आणि भोवतालची चरबी एकत्र काढतात. मोठ्या किंवा पसरलेल्या गाठीसाठी छातीचं मधलं हाड उघडतात. छोट्या, आवरणात बंद असलेल्या गाठीसाठी दुर्बिणीनं किंवा रोबोटनं करता येतं. छोटं छिद्र की मोठा छेद यावर नातेवाईक फार अडतात. खरा निकष वेगळा आहे: आवरण न फाटता गाठ अख्खी निघायला हवी. दुर्बिणीनं सुरू करून मध्येच हाड उघडावं लागलं तर सर्जननं शहाणपण केलं, असं समजा.

छातीच्या पडद्याला चालवणारी फ्रेनिक नस दोन्ही बाजूंनी थायमसजवळून जाते. गाठ तिला चिकटलेली असली तर ती कापायची की वाचवायची हा निर्णय टेबलावर घ्यावा लागतो. मायस्थेनियाच्या रुग्णात एका बाजूचा पडदा बंद पडणं महागात पडतं, म्हणून ही चर्चा आधीच करून ठेवा.

मायस्थेनिया जोरात असेल तर ऑपरेशनआधी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव बदलून हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी काढणं) देतात. इम्युनोग्लोब्युलिनची एकूण मात्रा वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. ५० किलोच्या माणसाला १०० ग्रॅम लागतात आणि ते महाग असतं, तेव्हा खर्चाचा अंदाज घेताना हे वेगळं विचारा. मायस्थेनियाचं नेहमीचं औषध पायरिडोस्टिग्मिन, त्याच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, अर्ध्या-एका गोळीपासून सुरुवात होते. गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तास टिकते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, म्हणजे जबडा साथ देतो. पोटात मुरडा, जुलाब, लाळ आणि घाम वाढला तर डोस जास्त होतोय. स्टेरॉइड एकदम मोठ्या डोसनं सुरू केलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत मायस्थेनिया आधी *वाढतो*. घरी असताना असा डोस सुरू करू नये.

हाड उघडलेलं असेल तर ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर घागर, गॅसची टाकी, नातवंड यातलं काहीही उचलायचं नाही, दुचाकी चालवायची नाही, कुशीवर वळून हाताचा जोर न लावता उठायचं. तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं यंत्र देतात ते श्वास *आत ओढून* चालवायचं असतं. निम्मे लोक त्यात फुंकर मारतात.

रिपोर्ट वाचताना

हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टात तीन गोष्टी शोधा. प्रकार: ए, एबी, बी१, बी२, बी३, किंवा थायमिक कार्सिनोमा. टप्पा, म्हणजे गाठ किती पसरली: मसाओका-कोगा पद्धतीनं एक ते चार, किंवा टीएनएम या दुसऱ्या पद्धतीनं. आणि कडा: गाठीच्या कडेला पेशी उरल्या की नाही. 'बी२' म्हणजे दुसरा टप्पा नव्हे. बी२ प्रकारची गाठ पहिल्या टप्प्यात असू शकते, आणि तेव्हा बातमी चांगली असते. थायमिक कार्सिनोमा हा अधिक आक्रमक, वेगळा आजार आहे आणि त्याच्यासोबत मायस्थेनिया क्वचितच असतो.

पहिल्या टप्प्यात आणि कडा स्वच्छ असतील तर पुढे काही लागत नाही. 'सुरक्षिततेसाठी' रेडिएशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. गाठ आजूबाजूला शिरली असेल किंवा कडेला पेशी उरल्या असतील तर रेडिएशन येतं: कडा स्वच्छ असतील तर ४५ ते ५० ग्रे (रेडिएशनचं माप), सूक्ष्मदर्शकाखाली पेशी उरल्या असतील तर ५४, आणि डोळ्यांना दिसणारी गाठ राहिली असेल तर ६० किंवा त्याहून जास्त. रोज २ ग्रे आणि आठवड्यात पाच दिवस, असं धरलं तर ५० ग्रेला २५ बैठका, म्हणजे पाच आठवडे लागतात. राहण्याची सोय त्या हिशोबानं करा.

काढता न येणाऱ्या गाठीला आधी किमोथेरपी देतात. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड हा थायमोमासाठीचा जुना, रुळलेला संच, दर तीन आठवड्यांनी. तीन-चार फेऱ्यांनंतर पुन्हा सीटी काढून ऑपरेशन जमतं का ते बघतात. सिस्प्लॅटिनसोबत चढवल्या जाणाऱ्या सलाइनमध्ये सवयीनं मॅग्नेशियम घातलेलं असतं आणि शिरेतून गेलेलं मॅग्नेशियम मायस्थेनियात स्नायू आणखी लुळे पाडतं. डे-केअरच्या सिस्टरना पहिल्या दिवशीच सांगा. 'नवीन इम्युनोथेरपी' कुणी सुचवली तर जास्तच जपून: थायमोमात ती औषधं हृदयाच्या आणि इतर स्नायूंवर जीवघेणा हल्ला घडवू शकतात.

खिशातला कागद

मायस्थेनिया असेल, किंवा अँटिबॉडी नुसती पॉझिटिव्ह असेल, तरी एक कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर. त्यावर लिहा: मायस्थेनिया ग्रेव्हिस/थायमोमा, न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नये: जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉल आणि तत्सम बीटा-ब्लॉकर, क्विनिन, क्लोरोक्विन, बोटॉक्स. भूल देताना स्नायू सैल करणारी औषधं जपून.

यादी लांबलचक वाटते, पण सर्दी-तापाला कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी हीच यातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. परदेशी जाताना पीतज्वराची लस लागणार असेल तर तीही थायमसचा आजार असलेल्यांना देत नाहीत.

नंतरची वर्षं

गाठ पूर्ण निघाली तरी फाईल बंद होत नाही. थायमोमा आठ-दहा वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणून पहिली दोन वर्षं डॉक्टर सांगतील तसा, बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षानं, आणि मग दरवर्षी असा निदान दहा वर्षं सीटी काढतात. पाच वर्षं झाली म्हणून थांबायचं हा हिशोब इथे लागू नाही. प्रत्येक वेळी जुन्या सगळ्या सीडी न्या. फुप्फुसाच्या आवरणावरचा चार-पाच मिलिमीटरचा ठिपका नवा आहे की जुनाच, हे मागचा स्कॅन शेजारी लावल्याशिवाय रेडिऑलॉजिस्टलाही सांगता येत नाही. परत आलेली गाठ पुन्हा काढता येते आणि तसं केलेल्यांना पुढे अनेक वर्षं मिळतात, त्यामुळे लवकर दिसणं कामाचं आहे.

गाठ काढल्यावर मायस्थेनिया लगेच जात नाही, औषधं महिनोन्महिने हळूहळू उतरतात. काहींना तर ऑपरेशनआधी काहीच नव्हतं आणि नंतर काही महिन्यांनी पापणी उतरायला लागते. तेव्हा बर्फाची ती चाचणी करून बघा, व्हिडिओ घ्या, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता न्यूरोलॉजिस्टला फोन करा.